कीर्द, खतावणी आणि लॉग फाइल

रात्री तीन वाजता फोन वाजला की परदेशातल्या मराठी माणसाच्या काळजाचा ठोका चुकतो. आई-बाबांची तब्येत, काकांचं ऑपरेशन, नको नको ते सगळं दोन सेकंदांत डोळ्यांपुढून जातं. पण आमच्यासारख्या आयटीतल्या लोकांच्या घरी त्या वेळचा फोन बहुधा ऑफिसचा असतो. बायको कूस बदलून "तुझाच असेल" म्हणते आणि पुन्हा झोपते. २०१२ च्या जून महिन्यातली ती रात्र अशीच होती. न्यू जर्सीतल्या एका क्लायंटकडे मी कन्सल्टंट म्हणून काम करत होतो. त्यांची रात्रीची बिलं तयार करणारी सिस्टिम बंद पडली होती. सकाळी सहाच्या आत कारण शोधून मॅनेजरला कळवायचं होतं.

अशा वेळी आमच्या हाताशी असते ती लॉग फाइल. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सोपं करून सांगतो. प्रत्येक सर्व्हर आणि प्रत्येक प्रोग्रॅम आपण काय केलं याची नोंद सतत लिहून ठेवत असतो. एका घटनेला एक ओळ. किती वाजले, कुठला प्रोग्रॅम, काय झालं. त्या रात्री माझ्यापुढे अशा सुमारे चार लाख ओळी होत्या. त्या वाचत बसलो असतो तर आज हा लेख लिहायला वेळ झाला नसता. म्हणून मी पर्ल भाषेत वीसेक ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली. तिला तीन कामं सांगितली. प्रत्येक ओळीतून प्रोग्रॅमचं नाव आणि चूक वेगळी काढ, कुठली चूक किती वेळा झाली ते मोज, आणि सर्वांत जास्त वेळा झालेली सर्वांत वर अशी पहिल्या दहांची यादी लाव. अर्ध्या मिनिटात यादी तयार झाली. सर्वांत वर पुण्याच्या टीमने लिहिलेल्या एका प्रोग्रॅमचं नाव होतं, साडेचार हजारांहून अधिक चुका. मी ती यादी चिकटवून मेल पाठवला आणि समाधानाने झोपलो.

त्या यादीतली बेरीज अगदी बरोबर होती, पण यादीवरून मी काढलेला निष्कर्ष साफ चुकला होता. तो कसा, ते शेवटी सांगतो. त्याआधी या 'नोंद करा, मोजा, क्रम लावा' प्रकाराचा इतिहास सांगायचा आहे. त्या प्रसंगानंतर मी तो हौसेने वाचत गेलो आणि फार मजा आली. कॉम्प्युटरच्या शंभर गोष्टी आपल्याला नव्या वाटतात, पण ही एक गोष्ट आपल्या आजोबा-पणजोबांना चांगली ठाऊक होती.

दिवाणजींची कीर्द

माझे आजोबा सांगलीला हळदीच्या एका पेढीवर दिवाणजी होते. धोतर, काळा कोट, कानावर पेन्सिल. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या शेजारी गादीवर बसत असे. त्यांच्यापुढे लाल कापडात बांधलेल्या दोन वह्या असत. एक कीर्द आणि दुसरी खतावणी. कीर्दीत दिवसभरात जे जे घडेल ते त्याच क्रमाने लिहायचं. सकाळी अमक्याची रक्कम जमा, दुपारी तमक्याला उचल, संध्याकाळी हमालांची मजुरी. खतावणीत मात्र प्रत्येक माणसाच्या नावाचं पान वेगळं. संध्याकाळी आजोबा कीर्दीतली एकेक ओळ उचलून ज्याच्या त्याच्या पानावर नेऊन ठेवत. महिनाअखेरीला सगळ्या पानांच्या बेरजांची तेरीज निघे, आणि ताळा जमला की चहा येई.

कीर्द म्हणजे लॉग फाइल, खतावणी म्हणजे ग्रुपिंग आणि तेरीज म्हणजे समरी! अमेरिकेत एमएस करताना मी हे शिकण्यासाठी बऱ्यापैकी फी भरली. आजोबांच्या गादीवर ते फुकट होतं.

अर्थात ही पद्धत आजोबांनी शोधली नव्हती. पेशवाईत रोजकीर्द लिहिली जाई. रोजच्या रोज आलेला पैसा, गेलेला पैसा, दिलेले हुकूम, सगळं तारीखवार मोडी लिपीत. हिशेब आणि दफ्तर पाहणाऱ्या फडणिसाला राज्यात किती वजन असे ते नाना फडणवीसांमुळे आपल्याला ठाऊकच आहे. १८१८ साली पेशवाई संपली, पण रुमालात बांधलेली ती दफ्तरं पुण्यात राहिली. पुढे गणेश चिमणाजी वाड यांनी सातारकर छत्रपती आणि पेशव्यांच्या रोजनिश्यांमधून उतारे निवडून काढले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते छापून प्रसिद्ध झाले. नंतर रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. या माणसांनी आयुष्यातली वर्षं खर्च करून जे केलं, ते म्हणजे एका अवाढव्य लॉगमधून कामाच्या ओळी वेगळ्या करणं. तेही 'सर्च' नावाचं बटण नसताना!

लॉग म्हणजे ओंडका

'लॉग' हा शब्द मात्र समुद्रावरून आला. लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. जहाजाचा वेग मोजायला खलाशी दोरीला बांधलेली एक लाकडी फळी मागे पाण्यात टाकत. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या असत. वाळूच्या घड्याळातली वाळू संपेपर्यंत हातातून किती गाठी सुटल्या ते मोजायचं. म्हणून जहाजाचा वेग आजही 'नॉट'मध्ये, म्हणजे गाठींमध्ये सांगतात. या पद्धतीचं वर्णन १५७४ साली विल्यम बोर्न या इंग्रजाने आपल्या पुस्तकात केलं आहे. ओंडक्याने मोजलेला वेग, वाऱ्याची दिशा आणि हवामान ज्या वहीत लिहायचं ती झाली लॉग-बुक.

अशा वह्या शेकडो जहाजांवर लिहिल्या जात आणि प्रवास संपला की कुठेतरी धूळ खात पडत. त्यांचं सोनं केलं मॅथ्यू फाँटेन मॉरी या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याने. १८३९ साली घोडागाडीच्या अपघातात त्याचा पाय मोडला आणि तो समुद्रावर जाण्यालायक राहिला नाही. १८४२ मध्ये त्याला वॉशिंग्टनमध्ये नौदलाचे नकाशे आणि उपकरणं ठेवण्याच्या कचेरीचा प्रमुख केलं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर साइड पोस्टिंग! तिथे जुन्या लॉग-बुकांचे ढीग होते. मॉरीच्या लक्षात आलं की एकेका वहीत एकेका कप्तानाचा अनुभव आहे, पण सगळ्या वह्या एकत्र केल्या तर सगळ्या कप्तानांचा अनुभव एकाच्या हाती येईल.

त्याने समुद्राचे पाच-पाच अंशांचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनात, प्रत्येक महिन्यात, सोळा दिशांपैकी कुठल्या दिशेचा वारा किती वेळा मिळाला ते वह्यांमधून मोजून काढलं. चौकोन, महिना आणि दिशा अशी तीन खाती आणि त्यांत फक्त मोजणी. १८४७ साली उत्तर अटलांटिकच्या वाऱ्यांचा आणि प्रवाहांचा त्याचा नकाशा निघाला. १८४८ मध्ये बाल्टिमोरहून रिओ दि जानेरोला निघालेल्या एका जहाजाने त्याच्या सूचनेप्रमाणे मार्ग धरला आणि नेहमीपेक्षा दोन आठवड्यांहून अधिक वेळ वाचवला. मग काय, कप्तानांची रीघ लागली. मॉरीनेही व्यवहार चोख ठेवला. नकाशे फुकट, पण त्या बदल्यात ठरवून दिलेल्या फॉर्ममध्ये आपल्या प्रवासाच्या नोंदी पाठवायच्या. त्या फॉर्मचं नाव होतं 'अॅबस्ट्रॅक्ट लॉग', म्हणजे आपली तेरीजच म्हणा ना! १८५३ मध्ये त्याच्या पुढाकाराने ब्रसेल्सला परिषद भरली आणि समुद्रावरच्या नोंदी सर्व देशांनी एकाच पद्धतीने ठेवाव्यात असा विचार तिथे झाला. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. माझ्या फजितीशी त्याचा संबंध आहे.

मरे हिलची नळजोडणी

आता आपल्या न्यू जर्सीत येऊ. इथल्या मरे हिल गावात बेल लॅब्जमध्ये १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली. त्यांचे सहकारी डग मॅक्इलरॉय यांच्या डोक्यात १९६४ पासून एक कल्पना घोळत होती. बागेत पाणी घालताना आपण एका रबरी नळीला दुसरी नळी जोडतो, तसे छोटे छोटे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यायला हवेत. एकातून निघालेला मजकूर थेट दुसऱ्यात. ते अनेक वर्षं ही भुणभुण करत राहिले. शेवटी १९७३ मध्ये थॉम्प्सन यांनी एका रात्रीत ती सोय युनिक्समध्ये घातली. तिचं नाव 'पाइप'. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत जो तो एका ओळीत नवनव्या जोडण्या करून दाखवत होता म्हणे. नवीन मिक्सर घरी आला की पहिले दोन दिवस जसं सगळंच वाटून पाहतात, तसं!

लॉगची तेरीज काढायला या पाइपाइतकं सोयीचं दुसरं काही नाही. 'सॉर्ट' ही आज्ञा सारख्या ओळी शेजारी-शेजारी आणते. 'युनिक' ही आज्ञा शेजारच्या सारख्या ओळींची एकच ओळ करून किती होत्या ते लिहिते. मग पुन्हा 'सॉर्ट', या वेळी आकड्यांवर आणि उलट्या क्रमाने. संपलं काम! एक सावधगिरी मात्र हवी. हे आकडे आहेत असं सॉर्टला सांगावं लागतं. नाही सांगितलं तर तो डिक्शनरीसारखा पहिलं अक्षर बघतो आणि १०० ला ९ च्या आधी बसवतो. यात एकदाही न फसलेला प्रोग्रॅमर मला अजून भेटलेला नाही.

या जोडणीची एक प्रसिद्ध गोष्ट आहे. १९८६ मध्ये जॉन बेंटली यांनी एका मासिकातल्या आपल्या सदरासाठी डॉनल्ड क्नूथ यांना एक प्रोग्रॅम लिहायला सांगितला. मजकूर वाचून त्यातले सर्वांत जास्त वेळा आलेले शब्द क्रमाने छापायचे. क्नूथ म्हणजे आमच्या विषयातले भीष्माचार्य. त्यांनी कित्येक पानांचा, अतिशय देखणा प्रोग्रॅम लिहिला. त्यावर अभिप्राय लिहायला होते मॅक्इलरॉय. त्यांनी कौतुक केलं आणि मग तेच काम सहा आज्ञांच्या पाइपलाइनमध्ये करून दाखवलं. शब्द सुटे करा, लहान लिपीत आणा, सॉर्ट, युनिक, पुन्हा सॉर्ट, आणि वरचे हवे तेवढे ठेवा. त्या वादात कोण बरोबर यावर आजही गप्पा रंगतात. माझं मत विचाराल तर दोघेही.

१९७७ मध्ये त्याच मरे हिलमध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निहन या तिघांनी आपल्या आडनावांची आद्याक्षरं जोडून 'ऑक' ही छोटी भाषा केली. तिच्यात एक खास सोय आहे. कुठल्याही नावाने खातं उघडता येतं आणि त्यात भर घालत जाता येतं. प्रोग्रॅमचं नाव दिसलं की त्या नावाच्या खात्यात एक मिळवा. फाइल संपली की सगळी खाती छापा. माझ्या आजोबांना ही भाषा दहा मिनिटांत आली असती. पुढे १९८७ मध्ये लॅरी वॉल यांना रिपोर्ट तयार करताना ऑक अपुरी पडू लागली म्हणून त्यांनी पर्ल ही भाषा लिहिली. तिच्या लांबलचक नावातच 'रिपोर्ट' हा शब्द आहे. आपल्याला अभिमान वाटावा अशी आणखी एक गोष्ट म्हणजे २०२२ मध्ये, ऐंशी वर्षांचे असताना, कर्निहन यांनी मूळ ऑकमध्ये स्वतः बसून युनिकोडची सोय घालायला घेतली. पूर्वी तिला 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली तर ती बाइट मोजून पंधरा सांगायची. आता पाच सांगते, काना आणि वेलांटी वेगळी धरून. एवढं चालवून घेऊ!

पाऊण डॉलरचा ताळा

तेरीज जमली नाही तर काय होतं याची सर्वांत रंगतदार हकिगत १९८६ सालची आहे. क्लिफर्ड स्टोल हे खगोलशास्त्रज्ञ. संशोधनाचे पैसे संपले म्हणून कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या कॉम्प्युटर विभागात आले. तिथे कॉम्प्युटर वापरल्याचे पैसे आकारत. हिशेबाच्या दोन पद्धती समांतर चालू होत्या आणि त्या महिन्यात दोघींत ७५ सेंटचा फरक आला. पाऊण डॉलर! कुणीही म्हणालं असतं, जाऊ दे. स्टोल यांनी सोडलं नाही. शोधता शोधता एक खातं सापडलं, ज्याच्या मालकाचा पत्ताच नव्हता. कुणीतरी बाहेरून शिरत होतं.

स्टोल यांनी केलेली पुढची गोष्ट मला फार आवडते. शिरलेला माणूस कॉम्प्युटरवरच्या नोंदी पुसू शकतो हे ओळखून त्यांनी बाहेरून येणाऱ्या लाइनींना प्रिंटर जोडले. तो जे जे टाइप करेल ते कागदावर उमटायचं, आणि कागद त्याला पुसता येत नव्हता. शिवाय ते स्वतःची वही लिहीत राहिले. शेवटी माग जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरापर्यंत गेला. तिथला मार्कुस हेस हा तरुण अमेरिकन लष्करी कॉम्प्युटरांमध्ये शिरून मिळालेली माहिती सोव्हिएत केजीबीला विकत होता. १९९० मध्ये तो दोषी ठरला. सगळ्याची सुरुवात पाऊण डॉलरपासून. पुढे मोठमोठ्या कंपन्यांनी हजारो मशिनांवर एकदम अशी मोजणी करण्याच्या पद्धती काढल्या, गूगलने २००४ मध्ये आपली 'मॅपरिड्यूस' पद्धत प्रसिद्ध केली. पण गाभा तोच. वेगळं काढा, मोजा, लावा.

आणि माझी यादी

आता माझ्या मेलकडे वळू. सकाळी मी उठेपर्यंत त्या यादीने बरंच काम केलं होतं. क्लायंटच्या मॅनेजरने पुण्याच्या टीमला खरमरीत मेल लिहिला होता. ज्या मुलाने तो प्रोग्रॅम लिहिला त्याला प्रोजेक्टवरून काढायचं ठरलं होतं. दुपारी मला पुण्याहून त्या टीममधल्या एका मुलीचा फोन आला. तिथे रात्रीचे साडेदहा वाजले असतील. ती हळूच म्हणाली, "सर, रागावू नका, पण मूळ फाइल्स पाठवाल का? यादी नको, मूळ फाइल्स."

मी थोड्या घुश्शातच पाठवल्या. तासाभरात तिचा पुन्हा फोन. "सर, डेटाबेस सर्व्हरच्या लॉगमध्ये एकच ओळ आहे, डिस्क भरली म्हणून. ती तुमच्या यादीत नाहीये."

कशी असणार? ती चूक एकदाच झाली होती आणि मी पहिल्या दहाच ठेवल्या होत्या. डिस्क भरली म्हणून डेटाबेस बंद पडला. डेटाबेस उत्तर देईना म्हणून त्या मुलाचा प्रोग्रॅम बिचारा साडेचार हजार वेळा ओरडत राहिला. मी ओरडणाऱ्यालाच चोर ठरवलं.

मी म्हणालो, "पण वेळेप्रमाणे लावून पाहिलं होतं मी. डिस्कची ओळ पाच वाजून दहा मिनिटांची आहे. प्रोग्रॅमच्या चुका एक अकरापासून सुरू आहेत. मग आधी कोण?"

"सर, तो सर्व्हर यूटीसीमध्ये लिहितो," ती म्हणाली. "तुमचा दुसरा सर्व्हर न्यू जर्सीच्या वेळेत. यूटीसीचे पाच दहा म्हणजे तुमच्याकडचे एक दहा."

म्हणजे डिस्क एक मिनिट आधी भरली होती, आणि माझ्या यादीत ती चार तास नंतर दिसत होती. गेली नऊ वर्षं घरी फोन करताना साडेनऊ तास की साडेदहा हे बोटांवर मोजणारा मी, दोन सर्व्हरांची घड्याळं वेगळी असतील हे विसरलो. ब्रसेल्सला जमलेल्या कप्तानांना १८५३ मध्ये जे कळलं होतं, ते मला २०१२ मध्ये कळलं नव्हतं.

त्याच दुपारी मी सगळ्यांना दुसरा मेल लिहिला, माझी चूक नाव घालून कबूल केली. मॅनेजरने दिलगिरी व्यक्त केली. पण त्या मुलाला तोवर दुसऱ्या प्रोजेक्टवर हलवलं होतं आणि तो परत आला नाही. मी त्याला फोन केला. "चालायचंच सर," म्हणाला. त्याच्या आवाजातलं ते 'चालायचंच' मला अजून ऐकू येतं.

कीर्द फाडू नये

आजोबा एक गोष्ट नेहमी सांगत. "खतावणी चुकली तर कीर्द आहे. कीर्द फाडली तर देवालासुद्धा ताळा लावता यायचा नाही." त्या वयात मला ते वहीबद्दल वाटायचं.

त्या दिवसापासून मी काही नियम पाळतो. तरुण मंडळींसाठी सांगतो. यादी पाठवली की मूळ फाइल सोबत पाठवायची. पहिल्या दहांबरोबर एकदाच आलेल्या ओळींवरही नजर टाकायची. वेळेप्रमाणे लावण्याआधी घड्याळं एक करून घ्यायची. सगळ्या खात्यांची बेरीज मूळ ओळींइतकी येते का ते पाहायचं, पाऊण डॉलरचाही फरक सोडायचा नाही. आणि यादीत एखाद्या माणसाचं नाव वर आलं असेल, तर मेल पाठवण्याआधी त्याला फोन करायचा. आता एआयचा जमाना आला आहे. वीस ओळींची स्क्रिप्टही हल्ली मशीनच लिहून देतं आणि यादीबरोबर कारणही छान इंग्रजीत मांडून देतं. त्यामुळे हे नियम आता जास्तच पाळावे लागतात.

दोन वर्षांपूर्वी सांगलीला गेलो तेव्हा आजोबांची एक जुनी कीर्द माळ्यावर सापडली. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, पण अक्षर मोत्यासारखं. ती मी इकडे घेऊन आलो. मुलगी परवा ती उलगडून बसली होती. मराठी आकडे तिला आपल्या मंडळाच्या शाळेमुळे वाचता येतात. बोट ठेवत ठेवत तिने एका पानाची बेरीज केली आणि म्हणाली, "बाबा, पणजोबांचं टोटल बरोबर आहे."

मी म्हटलं, "असणारच. पण तू तपासलंस ते बरं केलंस."